अण्णा शेटे ऐकायला शिकले

चन्नाप्पा शेटे बोलायला लागले की शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळातली कबुतरं उडायची. मी वाढवून सांगत नाही. त्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहायला आले, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी अंगणातून वर तोंड करून विचारलं, "बाई, पाणी आलंय का वर?" आणि समोरच्या कौलांवरचा सगळा थवा उठला. पाठोपाठ दोन शेजारणींनी आपापल्या घरातून सांगितलं, आलंय म्हणून.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. मी एका शाळेत मराठी शिकवत होते, म्हणून बोळात सगळ्यांची 'बाई' झाले. शेट्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, बापापासूनचं. पितळ मागं पडून स्टीलचे दिवस आले होते आणि लग्नसराईत दुकानात पाय ठेवायला जागा नसे. अण्णा म्हणजे उंचापुरा गडी, कपाळाला विभूती, ओठ झाकून टाकणाऱ्या भरघोस मिशा. फोनचा रिसीव्हर मान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, एक हात तराजूवर, दुसरा गड्याला खुणा करत असलेला, आणि तोंडानं समोरच्या गिऱ्हाइकाशी कालच्या फुटबॉल मॅचवरून भांडण. यातलं कुणी म्हणालं, "अण्णा, जरा ऐका तरी," की ते म्हणत, "ऐकालोय की! तू बोल."

'ऐकालोय की.' ऐकतोय की. दिवसातून किती वेळा ते हे म्हणत, आणि ऐकत मात्र कुणाचंच नसत. त्यात वाईट हेतू अजिबात नसायचा. माणूस मोठ्या मनाचा. माझ्या मुलीला गोवर आला तेव्हा दुकान टाकून स्वतः डॉक्टरला घेऊन आले. फक्त गोवर माझ्या मुलीला आलाय की मला, हे त्यांनी ऐकलं नव्हतं. डॉक्टर येऊन माझाच हात बघायला लागले.

त्यांच्या बायकोला आम्ही गौराक्का म्हणत असू. त्या निपाणीच्या पलीकडच्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि स्वतःशी बोलताना यातलं जे आधी सुचेल ते. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. बोळात सगळे म्हणायचे की अण्णांच्या घरात बोलायला जागाच शिल्लक कुठं असते.

मला सुट्टी होती त्या दिवशीची गोष्ट. मी खाली गौराक्कांच्या स्वयंपाकघरात बसले होते आणि फोन वाजला. त्यांनी घेतला, कानडीत दोन शब्द बोलल्या, ठेवला. मग दुकानाचा नंबर फिरवला.

"अवो, अव्वा गेली."

अव्वा म्हणजे त्यांची आई. पलीकडून अण्णांचा आवाज रिसीव्हरमधून पार चुलीपर्यंत ऐकू आला.

"बरं बरं! पोचली की फोन करायला सांग!"

आणि फोन ठेवल्याचा आवाज.

गौराक्का रिसीव्हर हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी परत नंबर फिरवला नाही. मी म्हणाले, "थांबा, मी जाऊन सांगते दुकानात." त्यांनी मान हलवली. दुसरं लुगडं नेसल्या, पिशवीत एक चादर घातली, घराची किल्ली माझ्या हातात दिली. "आले की जेवण वाढा त्यांना. आमटी झाकून ठेवल्या." आणि एकट्या एसटी स्टँडवर गेल्या.

संध्याकाळी अण्णा आले, कुलूप बघून वरच्या पट्टीत ओरडले. मी खाली जाऊन सांगितलं. ते पायरीवर बसले. खरंच हादरले. तसेच उठून निपाणीची गाडी पकडायला पळाले. पण तिथं मयतीला जमलेल्या माणसांत ते सगळ्यांना सांगत होते, "मला फोनच आला न्हाई, न्हाईतर हिला एकटी पाठवली असती व्हय?" त्यांना तो फोन आठवतच नव्हता. गौराक्का शेजारीच बसल्या होत्या. हे मला नंतर अण्णांच्या भावजयीनं सांगितलं.

पुढं चार-पाच वर्षांनी अण्णा फुटबॉलच्या मॅचमध्ये ओरडता ओरडता कोसळले. हृदयाचा झटका. वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या घ्या, तेल कमी करा, आणि तुमच्या पेठेत मुजावर सर आहेत, त्यांच्याकडं रोज सकाळी जाऊन बसा.

मुजावर सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. शाळेच्या एका रिकाम्या वर्गात सकाळी आठ-दहा माणसं जमवून ते बसत. ना आसनं, ना प्राणायाम, ना देवाचं नाव. ते एवढंच सांगत, एका वेळी एक काम करा, आणि ते करताना तिथंच राहा. मीही मधून मधून जात होते, म्हणून अण्णांचा पहिला दिवस मला बघायला मिळाला.

"सर, एवढंच? ह्याला क्लास कशाला पायजे?" अण्णा म्हणाले.

सरांनी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला. "मग हा पिऊन दाखवा."

अण्णांनी चहा पिता पिता सरांना वर्गाच्या गळक्या छपराबद्दल सुनावलं, शाळेच्या शिपायाला हाक मारली, माझी चौकशी केली. कप खाली ठेवला.

"कसा होता चहा?"

"कुठला चहा?" अण्णा म्हणाले, आणि स्वतःच कपाकडं बघत राहिले.

त्यांना ते लागलं. आणि अण्णांना एखादी गोष्ट लागली की ती सगळ्या बोळाला लागायची. दुसऱ्या दिवसापासून दुपारी खालून आरोळी यायला लागली, "गप्प बसा रे सगळी! मी जेवालोय!" ते एकेक घास चावत, डोळे मोठे करून ताटाकडं बघत. एकदा जिना चढून वर आले आणि मला गंभीरपणे म्हणाले, "बाई, गौरा आमटीत चिंच घालत न्हाई, आमसूल घालती. म्हाईत हाय तुम्हाला?" लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झाली होती. दुकानात ते गिऱ्हाइकासमोर हात जोडून ताठ बसत आणि म्हणत, "बसा पावणं. बोला. माझं सगळं लक्ष तुमच्याकडं हाय." एक बाई नुसता चमच्यांचा भाव विचारायला आली होती, ती घाबरून पलीकडच्या दुकानात गेली.

आम्ही हसायचो. पण त्यातून काहीतरी घडत होतं, हेही खरं. त्यांच्या धाकट्या भावाशी सामाईक नळावरून त्यांचा अबोला होता. एक दिवस अण्णा त्याच्या दारात जाऊन बसले आणि म्हणाले, "बोल. मी मधी बोलणार न्हाई." भाऊ तासभर बोलला. शिव्या दिल्या, बापाचं काढलं, बारशातल्या मानपानाचं काढलं. अण्णांचा चेहरा लाल झाला होता, पण ते मध्ये बोलले नाहीत. शेवटी भावाचं बोलणंच संपलं. मग तो आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्या वर्षीच्या बसव जयंतीला दोन्ही घरांची पंगत एकत्र बसली. अण्णा मला म्हणाले, "बाई, हे सोपं हाय की वो. आधीच कुणी सांगितलं असतं तर?" त्या दिवशी मला वाटलं, या माणसाचं म्हातारपण बरं जाणार.

मग मुजावर सरांनी सगळ्यांना एक काम दिलं. घरातल्या एका माणसाजवळ रोज थोडा वेळ बसायचं. काही सांगायचं नाही, सुधारायचं नाही, फक्त बघायचं आणि ऐकायचं. अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

गौराक्का दचकल्या. "काय झालं? छातीत दुखतंय?"

"न्हाई. तू कर तुझं. मी बसालोय नुस्ता."

आठवडाभर ते असे बसले. त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते जिना चढून आले. पावलांचा आवाज नव्हता, हाक नव्हती. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, जरा खाली चला. एक बघायचं हाय. मला चुकीचं दिसत असंल तर सांगा."

गौराक्का खिडकीकडं तोंड करून तांदूळ निवडत होत्या. अण्णा त्यांच्या मागं, डाव्या बाजूला, हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले. आणि त्यांनी हाक मारली, "गौरा."

त्यांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मऊ, खालचा, कुठल्याही घरातल्या कुठल्याही नवऱ्याचा आवाज. गौराक्कांची बोटं तांदळातून फिरत राहिली.

"गौरा, इकडं बघ."

खडा सापडला, तो त्यांनी बाजूला टाकला.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मग परत त्यांच्या पाठीकडं पाहून त्याच आवाजात म्हणाले, "अव्वाच्या वक्ताचा तुझा फोन आता आठवला. माझं चुकलं गं."

सूप हलत होतं. मग अण्णा फिरून उजवीकडं आले आणि त्यांची सावली सुपात पडली, तेव्हा गौराक्कांनी वर बघितलं. "हे काय? बाई, तुम्ही कवा आलासा?"

"तुला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई," अण्णा म्हणाले.

त्या जरा गोंधळल्या, पदर सारखा केला. "व्हय."

"कवापासनं?"

"लई वर्षं झाली. दुसरं बाळ गेलं, तवा ताप आलता बघा. त्यापासनं."

म्हणजे वीस वर्षांहून जास्त. अण्णा खाली बसले. "मला सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगितलतं की," गौराक्का म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, आमटी झाकून ठेवल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "कानात गच्च झालंय म्हणलं. दोनदा सांगितलं. तुम्ही 'ऐकालोय की' म्हणालासा. मग मला वाटलं, तुमच्या आवाजाला एक कान पुरतोय."

अण्णांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की त्या कानाची नस केव्हाच गेली आहे. ताप आला तेव्हाच आणलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं. आणि दुसरा कानही आता उतरणीला लागलाय. किती दिवस चालेल ते सांगता येत नाही, पण तोही जाणार. मशीन लावून बघा. मशीन लावलं. आठ-पंधरा दिवसांनी गौराक्कांनी ते काढून कपाटात ठेवलं. "ह्यातनं भांड्यांचा आवाज येतोय सगळा. माणसाचा येत न्हाई."

पुढची दोन-तीन वर्षं अण्णांनी जे केलं ते मी माडीवरून बघत होते. ते दुपारी दुकान मुलावर सोडून घरी येत. महेश हा त्यांचा एकुलता मुलगा, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. अण्णा गौराक्कांच्या उजव्या हाताला बसत आणि म्हणत, "बोल. काय पण बोल." त्यांना घाई झाली होती. तो कान चालू आहे तोवर सगळं बोलणं व्हायला पाहिजे, असं त्यांना वाटायचं.

आधी गौराक्कांना काय बोलावं तेच सुचेना. मग त्या हळूहळू बोलायला लागल्या. माहेरची तंबाखूची शेतं, अव्वाच्या हाताला येणारा तंबाखूचा वास, गेलेल्या बाळाचे कान कुणासारखे होते ते. आई गेली त्या दिवशी एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं निघालाय, तर त्यांनी लग्नाला म्हणून सांगितलं होतं, रडू येऊ नये म्हणून. अण्णांनी हे सगळं मान खाली घालून ऐकलं.

आणि मग एका दुपारी गौराक्का थांबल्या. अण्णा म्हणाले, "म्होरं?"

"झालं. एवढंच हुतं."

"असं कसं? अजून असंल की. आठव."

"न्हाई वो. आणि तुम्ही असं सारखं बघू नका माझ्याकडं. माझं हात चालत न्हाईत. भाकरी थापताना बघता, कपडं वाळत घालताना बघता. तुमचं लक्ष नव्हतं तवा माझं मला चांगलं जमलंवतं."

त्या चिडून बोलल्या असत्या तर अण्णांना सोपं गेलं असतं. त्या खरं काय ते सांगत होत्या. नवऱ्याचं लक्ष नसण्याभोवती त्यांनी आपला सगळा संसार बसवला होता. त्यात आता बाहेरचं माणूस येऊन उभं राहिल्यासारखं त्यांना होत असावं. महेशही एकदा बापाला म्हणाला, "बाबा, आईला आता निवांत राहू द्या की. तुमचं शिकणं झालं, पण तिनं किती परीक्षा द्यायच्या?" तो शांतपणेच बोलला. अण्णा त्याच्याजवळ जाऊन बसायला लागले की तो 'आलोच' म्हणून उठायचा. लहानपणी त्याची बडबड कुणी ऐकली नव्हती. मोठेपणी तो बापाशी हिशोबापुरतंच बोलायचा.

अण्णा मुजावर सरांकडं गेले, त्या सकाळी मी तिथं होते. बाकीचे निघून गेले होते.

"सर, तुम्ही मला बघायला शिकवलंसा. आता दिसायचं बंद कसं करायचं ते शिकवा."

"ते मला येत नाही, शेटे."

"मग कशाला शिकवलंसा? मी गाढव हुतो, पण सुखात हुतो की. तीबी सुखात हुती."

"ती होती का?" सरांनी विचारलं. अण्णा जमिनीवर बोटानं रेघा ओढायला लागले. सर म्हणाले, "लक्ष दिलं की बिघडलेलं दुरुस्त होतं, असं मी कधी म्हणालो नाही. दिसतं, एवढंच म्हणालो. दुरुस्त होईल की नाही, ते ज्याच्या त्याच्या वेळेवर आहे."

"माझी वेळ गेली?"

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णा उठून चालते झाले. त्यानंतर ते वर्गाला आले नाहीत. पण घरी उंबऱ्यावर बसायचंही त्यांनी सोडलं नाही. एकदा मला म्हणाले, "बाई, चेपलेली जर्मनची परात परत सरळ होत न्हाई. ठोकलं तर चीर पडती. पण म्हणून टाकवत न्हाई."

दुसरा कान दोन हजारनंतर गेला. एकदम नाही, ओसरत ओसरत. गौराक्का बोलायच्याही कमी झाल्या. स्वतःचा आवाज ऐकू येईना, तेव्हा तो फार मोठा निघेल की फार लहान, याची त्यांना धास्ती वाटायची, म्हणून त्या न बोलणंच पत्करायच्या. त्याच सुमाराला अण्णांनी मिशा काढल्या. पेठेत मोठी चर्चा झाली. कुणाला वाटलं पैज हरले, कुणाला वाटलं दीक्षा घेतली. मला त्यांनी सांगितलं, "ओठ दिसत नव्हतं तिला."

पुढं भावांच्या वाटण्या झाल्या, महेशनं उचगावला घर बांधलं आणि दोघं तिकडं गेले. मीही बदली होऊन गडहिंग्लजला गेले. कोल्हापूरला येणं व्हायचं, पण उचगावला जायचं राहून जायचं. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत मी गेले.

घर नवं, फरशी चकचकीत, सगळीकडं शांत. सून दार उघडून आत निघून गेली. मागच्या बाजूला पत्र्याच्या सावलीत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवलेल्या होत्या. गौराक्का फार वाळल्या होत्या. मला ओळखून हसल्या, माझा हात हातात घेतला आणि सोडला. अण्णा सत्तरीला आले होते. मला बघून त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी घसा साफ केला. "या बाई. सवय गेली बघा."

ते बायकोशी आता तसंच बोलायचे. तिला आवाज नको, ओठ पाहिजेत, मग घसा कशाला दुखवायचा? मी बाजूच्या स्टुलावर बसले आणि ते पुन्हा तिच्याकडं वळले. एकेक शब्द सुटा करून, ओठ पुरते उघडून ते तिला काहीतरी सांगत होते. मी आल्याचं असावं. माझ्या मुलीचं लग्न झाल्याचं असावं. जवळ बसून मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ज्या माणसाच्या हाकेनं कौलांवरची कबुतरं उठायची, तो तिथं अजिबात आवाज न करता बोलत होता.

गौराक्का त्यांच्या ओठांकडं बघत होत्या. मान हलवत होत्या. मग त्यांनी हळूच डोळे मिटले.

अण्णा अर्ध्या शब्दावर थांबले.

"झोप लागली वाटतं," मी म्हणाले.

"न्हाई. जागी हाय." त्यांनी स्वतःची खुर्ची जरा सरकवली, तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून. "तिला बास झालं की ती डोळं मिटती."

"मग?"

"मग मी बसतो."

"किती वेळ?"

"कधी लगेच उघडती. कधी संध्याकाळपर्यंत न्हाई." ते तिच्या चेहऱ्याकडंच बघत होते. "तेवढं एकच तिच्या हातात हाय बाई. ते तरी मी कसं काढून घेऊ?"

आतून सुनेनं चहा आणून ठेवला. अण्णांनी मला घ्या म्हणून खूण केली. त्यांचा कप तसाच राहिला, त्यावर साय धरली. मी थोडा वेळ बसले. मग येते म्हणाले. अण्णांनी मान हलवली, पण वळले नाहीत. तेवढ्यात गौराक्कांनी डोळे उघडले असते तर?

गाडीची वेळ झाली होती. मी घराला वळसा घालून फाटकाशी आले आणि कडी लावताना कुंपणावरून एकदा मागं पाहिलं. सावली सरकली होती आणि दोघांच्याही पायांवर ऊन आलं होतं. गौराक्कांचे डोळे मिटलेलेच होते.